घरचा संत्रा आणि बागेतला काटा

पांढुर्णा-सौसरच्या पट्ट्यात हंगामात कोणी संत्रे मोजून खात नाही. मोजायचे ते विकायचे. पूर्वी सौदा हजारावर व्हायचा, आता टनावर होतो. व्यापाऱ्याची माणसं निवड करून गेली की बारीक फळाची चुरी, डाग पडलेले, देठापाशी फाटलेले असे ढीगभर संत्रे घरी राहतातच. ते ओसरीवर टोपल्यांत पडून असतात. येणारा-जाणारा उचलतो, सोलतो, बोलता बोलता खातो. पाहुण्याला चहा नंतर, आधी संत्रा. मी शाळेतून आले की पर्स खुंटीला लावायच्या आधी माझा हात टोपलीत जातो. दोन झाले की तीन, याचा हिशेब ठेवायची आमच्याकडे रीत नाही.

माझं माहेर वरूडकडचं, सासर पांढुर्ण्याजवळच्या खेड्यात आणि नोकरी सौसरला. दोन्ही घरी संत्रा, मध्ये फक्त राज्याची सीमा. २०२३ साली छिंदवाड्यातून फुटून पांढुर्णा जिल्हा झाला, सौसर तालुका त्यात आला. पण दवाखाना, लग्नाचा बस्ता आणि संत्र्याचा भाव यांसाठी आम्ही आजही नागपूरकडेच पाहतो. वर्षातून दोनदा माल निघतो. आंबिया बहार दिवाळीच्या आगेमागे, मृगाचा बहार फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत. म्हणजे वर्षातले निम्मे महिने घरात संत्रा असतोच.

वजनाकडे आमचं लक्ष गेलं ते बागेतल्या काट्यामुळे. माल तोलायला लोखंडी पाटाचा इलेक्ट्रॉनिक काटा येतो. भरलेलं एकेक कॅरेट वीस किलोच्या वर भरतं. संध्याकाळी तोलाई आटोपली की पोरं त्या काट्यावर उभी राहतात, मग पोरांच्या नादाने मोठेही. एका आंबियात मीही उभी राहिले, आमचे भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर उभे राहिले, तोडणीला आलेल्या बायाही हसत हसत चढल्या. भाऊजींचा आकडा नव्वदच्या वर गेला. माझा सत्तरच्या वर. तोडणीच्या बायांमध्ये पन्नाशी गाठणारी एकही नव्हती. बेचाळीस, चव्वेचाळीस, शेहेचाळीस.

मला त्या आकड्यांनी विचारात टाकलं, कारण सगळ्यांत जास्त संत्रे त्या बायाच खात होत्या. तोडताना फुटलेला, शिडीवरून पडून दबलेला संत्रा कॅरेटमध्ये जात नाही, तो तिथंच खाल्ला जातो. दुपारी भाकर, मिरचीचा ठेचा आणि पुन्हा संत्रे. भाऊजी मात्र आख्खा संत्रा फारसा खातच नाहीत. त्यांना सोलायचा कंटाळा. ते रस पितात, मोठा पेला भरून, साखर आणि काळं मीठ घालून.

त्या बायांचा बारीकपणा चांगला, असं मी म्हणत नाही. त्यातल्या दोघींच्या डोळ्यांखाली रक्त कमी असल्याची पांढरट झाक मला दिसत होती, आणि त्या दिवसभर शिडी चढतात-उतरतात, डोक्यावर कॅरेट वाहतात. पण एवढं कळलं की नुसत्या संत्र्याने माणूस लठ्ठ होत असता, तर तो लठ्ठपणा आधी त्यांच्या अंगावर दिसला असता.

मी शाळेत विज्ञान शिकवते. तेव्हा हिशेब मांडायला बसले. मध्यम संत्रा साल-बियांसकट दीडशे ग्रॅमच्या आसपास असतो, त्यातून शंभर ग्रॅम फोडी मिळतात. त्या शंभर ग्रॅमात सुमारे पन्नास कॅलरी, नऊ-दहा ग्रॅम साखर, दोनेक ग्रॅम चोथा, आणि बाकी जवळजवळ सगळं पाणी. म्हणजे दहा संत्रे खाल्ले तर पाचशे कॅलरी. साध्या तीन-चार पोळ्यांइतक्या. तीन-चार पोळ्यांच्या जागी कोणी दहा संत्रे खाल्ले तर वजनाला काही व्हायचं कारण नाही. पण आमच्याकडे दहा संत्रे कशाच्या जागी येत नाहीत, ते जेवणावर येतात. पोहे झाले, दुपारचा भात झाला, संध्याकाळी आलुबोंडा झाला, आणि मध्ये मध्ये हे दहा. शरीराच्या एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी धरतात. रोजच्या या वरच्या पाचशे हंगामभर चालल्या तर काट्यावर उमटणारच.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराचे नवे निर्देश काढले. दिवसाला दोन हजार कॅलरींच्या ताटात त्यांनी भाज्या ४०० ग्रॅम आणि फळं १०० ग्रॅम सांगितली आहेत. शंभर ग्रॅम म्हणजे एक संत्रा! मी ते दोनदा वाचलं. घरी सांगितलं तर कोणी विश्वास ठेवेना. मला स्वतःला तो आकडा बागायतदाराच्या घरासाठी फार कंजूष वाटतो, आणि एखाद-दोन संत्रे जास्त झाल्याने काही बिघडतं असं मला दिसलेलं नाही. पण त्या ताटातली खरी गोष्ट फळाची नाहीच, भाजीची आहे. चारशे ग्रॅम भाजी आमच्या कोणत्या घरात खाल्ली जाते? वांगी असतात, पण तेलात पोहणारी, नाहीतर आलू.

या सगळ्याची कसोटी लागली ती सासूबाईंच्या बाबतीत.

आईंना शुगर निघाली तेव्हा त्यांची सत्तरी उलटली होती. डॉक्टरांच्या कागदावर 'फळे मर्यादित' असं लिहिलेलं होतं. घरात आणि नात्यात त्याचा अर्थ झाला 'फळं बंद'. भेटायला येणारा प्रत्येक जण तेच सांगून जायचा. ऐन मृगाच्या हंगामात टोपल्या ओसरीवरून उचलून आतल्या खोलीत गेल्या, कारण समोर दिसले तर आईंचं मन होईल. आमच्याकडे मृगाच्या संत्र्याला गोडी जास्त मानतात, म्हणून त्याची तर आणखीच भीती. आई काही दिवस बोलल्या नाहीत. मग एका दुपारी म्हणाल्या, "ह्या झाडायले मी पानी घातलं वं बाई. जलमभर खाल्लं. आता घरचा संत्रा घरच्या मानसालेच बंद?"

मला ते फार लागलं. दुसरीकडे मी पाहत होते की संत्रा बंद असलेल्या आईंचा चहा दिवसातून चार-पाच वेळा चालूच होता, प्रत्येक वेळी साखर घालून, सोबत टोस्ट बुडवून. एकादशीला साबुदाण्याची खिचडी आणि आलूचा कीस व्हायचा. त्यावर कोणी काही बोलत नव्हतं, कारण साबुदाणा गोड लागत नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिठूळ पदार्थ. त्याची साखर रक्तात संत्र्यापेक्षा जोराने चढते. पण जिभेला जे गोड तेच शुगरला वाईट, ही समजूत माणसाच्या मनात इतकी घट्ट बसलेली असते की तिथं बोलायला जागाच राहत नाही.

पुढच्या तपासणीला आईंना घेऊन गेले तेव्हा मी डॉक्टरांना सरळ विचारलं. ते म्हणाले, आख्खा संत्रा द्या, एका वेळी एकच, दिवसातून दोन, रस नाही, आणि ज्याच्या बदल्यात देताय ते काढा. घरी साखर मोजायचं यंत्र घेतलं होतंच. त्यावर पाहत जा, असंही त्यांनी सांगितलं.

तेव्हापासून सकाळी दहाच्या सुमाराला, टोस्ट बंद करून त्या जागी एक संत्रा. आई तो कसा खातात ते पाहण्यासारखं आहे. आधी अंगठ्याच्या नखाने देठापाशी भोक पाडतात, साल एका तुकड्यात उलगडतात. फोडीवरच्या पांढऱ्या शिरा त्या काढत नाहीत. त्यांच्या सासूने त्यांना तसंच शिकवलं होतं. एकेक फोड तोंडात धरून आधी रस ओढतात, मग चोथाही चावून गिळतात. बिया ओंजळीत. एका संत्र्याला सहज दहा मिनिटं. आधी बोटाला टोचून आकडा घ्यायचा, दोन तासांनी परत घ्यायचा. आकडा थोडा चढायचा आणि दोन तासांत जवळपास जागेवर यायचा. टोस्ट आणि साखरेचा चहा घेतलेल्या दिवशीचा आकडा त्याहून पुष्कळ वर असायचा. तो कागद मी फ्रिजला चिकटवून ठेवला. येणाऱ्या-जाणाऱ्यांना समजावत बसण्यापेक्षा तो बरा.

एक दिवस भाऊजींनी प्रेमाने आईंना पेलाभर रस दिला, साखरही न घालता. तासाभराने मोजलं तर आकडा असा चढला होता की माझ्या यजमानांनी यंत्र बिघडलं समजून दुसरी पट्टी लावली. दुसऱ्या पट्टीनेही तेच सांगितलं. फळ तेच, झाड तेच. पण त्या पेल्यात चार संत्र्यांचा रस होता, चोथा गाळणीत राहिला होता, आणि चाळीस मिनिटांचं खाणं दोन घोटांत पोटात गेलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये साखरेबद्दल जो सल्ला दिला त्यात आख्ख्या फळातली साखर मोजलेली नाही, पण फळाच्या रसातली साखर मात्र चहात घातलेल्या साखरेच्याच रांगेत धरली आहे. माझ्या दृष्टीने ती ओळ आमच्या प्रत्येक ज्यूस सेंटरवर लिहून लावली पाहिजे. पाहुण्याला रस देणं हा मान, आणि बाळाला दुधाच्या बाटलीत रस देणं हे लाड. दोन्ही मनापासूनचं असतं म्हणूनच ते थांबवणं अवघड जातं.

डेन्मार्कमधल्या डॉक्टरांनी २०१३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. शुगर नव्याने निघालेल्या ६३ जणांचे दोन गट केले. एका गटाला रोज किमान दोन फळं खायला सांगितली, दुसऱ्याला जास्तीत जास्त दोन. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांच्या तीन महिन्यांच्या सरासरी शुगरमध्ये किंवा वजनात फळामुळे फरक पडलेला दिसला नाही. माणसं थोडी आणि काळही थोडा, त्यामुळे त्यावर मोठा डोलारा उभा करता येत नाही. पण आईंच्या कागदावर मला जे दिसत होतं त्याच्याशी ते जुळत होतं.

निरोगी माणसांच्या वजनाबद्दलचा मोठा अभ्यास अमेरिकेतला आहे, २०१५ चा. सव्वा लाखाहून जास्त स्त्री-पुरुषांच्या खाण्याची आणि वजनाची नोंद चोवीस वर्षांपर्यंत ठेवली होती. रोजच्या खाण्यात फळाचा एक वाटा वाढला की चार वर्षांत वजन सरासरी पाव किलोने कमी भरत होतं. पाव किलो म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण दिशा उतरतीची आहे, चढतीची नाही. आलू, मका, वाटाणा यांची दिशा मात्र चढती निघाली. आणि पेनसिल्व्हेनियातल्या एका विद्यापीठाने २००९ मध्ये दाखवलं की जेवणाआधी आख्खं सफरचंद खाल्लं तर सफरचंद धरूनही एकूण खाणं पंधरा टक्क्यांनी घटतं. तेच सफरचंद रसाच्या रूपात दिलं तर तो परिणाम दिसत नाही.

ही शेवटची गोष्ट मी स्वतःला लावली. शाळेतून आल्यावर भुकेच्या भरात चार-पाच संत्रे, आणि तासाभराने पोटभर जेवण, हा माझा क्रम होता. तो बदलला. दुपारच्या डब्याआधी एक संत्रा, रात्रीच्या जेवणाआधी एक संत्रा नाहीतर पेरू, आणि भाताची वाटी अर्धी. पेरू मला आता संत्र्याइतकाच मोलाचा वाटतो, कारण शंभर ग्रॅमात पाच ग्रॅमच्या आसपास चोथा त्यात असतो. अर्ध्या पेरूनेही पोटाला आधार होतो. पुढच्या आंबियात काट्यावर उभी राहिले तेव्हा आकडा सत्तरच्या खाली होता. शिंप्याच्या फितीने कंबरही मोजते. आपल्याकडच्या बायांना ऐंशी सेंटीमीटरच्या वर कंबर गेली की सावध व्हायला सांगतात. मी अजून थोडी वर आहे.

आमच्या शाळेतल्या एका बाईंनी दुसरं टोक गाठलं होतं. रात्री जेवण बंद, फक्त फळं. पहिल्या महिन्यात वजन भराभर उतरलं, सगळ्यांनी कौतुक केलं. मग पायऱ्या चढताना त्यांना दम लागायला लागला, केस मूठ मूठ गळायला लागले, रात्री अकराला उठून फल्लीदाणे आणि चिवडा खाणं सुरू झालं. उतरलेलं वजन परत आलं. शंभर ग्रॅम संत्र्यात एक ग्रॅमही प्रथिनं नसतात. डाळ, दही, अंडं, चणे यांची जागा फळ घेऊ शकत नाही, हे त्यांना कोणी वेळेवर सांगितलं नव्हतं. आता रात्री त्या ज्वारीची भाकर आणि मुगाचं वरण खातात, फळ सकाळी.

सगळी फळं एका मापाची नसतात, हेही इथं सांगायला हवं. दसरा-दिवाळीला सातपुड्याच्या डोंगरांतून सीताफळांच्या टोपल्या रस्त्याच्या कडेला उतरतात. सीताफळात कॅलरी संत्र्याच्या जवळजवळ दुप्पट, आणि एक फोडलं की चार होतात. केळंही तसंच भारी. उलट नदीच्या रेतीतल्या डांगरवाड्यांमधलं टरबूज बहुतेक पाणीच. आणि आंबा? आंबा बिचारा साधाच. शंभर ग्रॅमाला साठ कॅलरी. पण अक्षय तृतीयेपासून घराघरात आमरसाची पातेली लागतात, त्यात साखर, वर तुपाची धार, सोबत शेवया किंवा कुरडई. महिनाभर तसं जेवून वजन वाढलं की नाव आंब्याचं होतं. शेजारच्या काकांच्या किडन्या कमजोर आहेत. त्यांना पोटॅशियमसाठी संत्रा आणि केळं दोन्ही मोजून सांगितलं आहे. तिथं माझ्या घरचा कागद उपयोगाचा नाही.

आमच्या भागातलं वजन वाढण्याचं खरं कारण मला फळात दिसत नाही, चालण्यात दिसतं. सासरे असताना बागेला पाणी द्यायचं म्हणजे पहाटे उठून जाणं, दांड धरणं, आळी फिरणं. झाडांना ताण दिला, म्हणजे पाणी बंद केलं, की तो तोडेपर्यंत रोज जाऊन पानं पाहणं. आता ठिबक आहे, मोटर मोबाईलवरून चालू होते, बागेपर्यंत मोटारसायकल जाते. आरामाचं झालं, आणि कष्टातून सुटका झाली याचा मला मनापासून आनंद आहे. पण ताट मात्र सासऱ्यांच्याच काळचं राहिलं, आणि वर पेलाभर रस आला.

भाऊजींशी यावर बोलायला मला वेळ लागला. घरातल्या कर्त्या पुरुषाला वजनावरून बोलणं आमच्याकडे सोपं नाही. आईंच्या रसाचा तो आकडा त्यांनी स्वतः पाहिला होता, म्हणून विषय निघाला. "वहिनी, माहीही शुगर पाहून घ्या एकदा," ते म्हणाले. उपाशीपोटीचा आकडा काठावर निघाला. डॉक्टरांनी गोळी दिली नाही. वजन उतरवा म्हणाले. रस त्यांनी त्याच दिवशी सोडला. संध्याकाळचा आलुबोंडा अजून सुटलेला नाही, आणि काटा फारसा हललेला नाही. या आंबियापासून ठरलं आहे की सकाळी मोटर मोबाईलवरून चालू करायची नाही. पायी बागेत जायचं, ठिबकच्या नळ्या पाहत शेवटच्या ओळीपर्यंत फिरायचं, आणि तिथंच झाडाचे दोन संत्रे सोलून, चावून खायचे. आईंनी त्यांना सांगून ठेवलं आहे की शिरा फेकायच्या नाहीत.